बुरशीवरील औषध अंगी कसे लागते?

(इंदूरच्या भंवरकुआं परिसरातील मराठी विद्यार्थी व कुटुंबे यांच्यासाठी तयार केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आग्रा-मुंबई रस्त्यावरून खंडव्याकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, तेथे इंदूर शहरातील भंवरकुआं हा गजबजलेला चौक आहे. १८९१ मध्ये महाराजा शिवाजीराव होळकर यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेले होळकर महाविद्यालय येथून जवळ आहे. खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे. या दोन विद्यास्थानांच्या आसऱ्याने स्पर्धा-परीक्षांच्या शिकवणी वर्गांची, वसतिगृहांची आणि भाड्याच्या खोल्यांची एक मोठी वस्तीच येथे उभी राहिली आहे. माळवा, निमाड, बुंदेलखंड, तसेच मराठी भाषा घरोघर बोलली जाते त्या बऱ्हाणपूर भागातूनही तरुण-तरुणी येथे येऊन राहतात. एका खोलीत दोघेतिघे, डब्याचे जेवण, दिवसाचे बारा तास अभ्यास आणि कपडे वाळवण्यास अपुरी जागा, असे त्यांचे सर्वसाधारण जीवन असते.

उष्णता, घाम, दमटपणा, घट्ट कपडे आणि एकमेकांचे टॉवेल वापरण्याची सवय ही सर्व परिस्थिती ज्या रोगास पोषक ठरते, तो रोग म्हणजे गजकर्ण. मराठीत त्यास नायटा असेही म्हणतात, तर इंदूरच्या बोलीत तो 'दाद' या नावाने ओळखला जातो. हा रोग बुरशीमुळे, म्हणजेच कवकामुळे होतो. जांघेत, कमरेभोवती किंवा काखेत त्याची खाजरी वर्तुळे उमटतात आणि लाजेपोटी कित्येक दिवस ती लपवून ठेवली जातात. रोग पसरला म्हणजे मलमाने भागत नाही. मग डॉक्टर पोटात घेण्याचे औषध लिहून देतात. ते औषध आठवडे आणि कधी महिने घ्यावे लागते. एवढे करूनही काही रुग्णांना गुण येत नाही. तेव्हा 'औषधच निकामी' असा निष्कर्ष काढून रुग्ण दुकान बदलतो, डॉक्टर बदलतो किंवा औषध अर्ध्यावर सोडून देतो.

अशा वेळी एक साधा प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. औषध घेतले होते. परंतु ते कशाबरोबर घेतले होते?

खाल्लेले अन्न अंगी लागणे आणि नुसते पोटात जाणे यांत अंतर आहे, हे मराठी गृहिणीस सांगावे लागत नाही. औषधासही हाच न्याय लागू पडतो. गिळलेली गोळी आतड्यात विरघळून रक्तात शिरली, तरच ती त्वचेपर्यंत पोहोचते. न विरघळलेला भाग जसा आला तसा शरीराबाहेर निघून जातो. बुरशीवरील औषधांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण त्यांपैकी कित्येक औषधे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत.

पाणी, स्निग्ध पदार्थ आणि औषध

मानवी आतड्यातील द्रव हा मुख्यतः पाण्याचा बनलेला असतो. पाण्यात न मिसळणारे औषध त्यात पडले, तर त्याचे बारीक कण तसेच तरंगत राहतात. परंतु त्याच वेळी आहारात तूप, तेल, दूध यांसारखा स्निग्ध पदार्थ असेल, तर चित्र पालटते. स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचताच पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात उतरते. पित्तातील क्षार आणि स्वादुपिंडातील पाचक रस मिळून स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म गोलक तयार करतात. पाण्यात न विरघळणारे औषध या गोलकांच्या अंतर्भागात सामावले जाते आणि त्यांच्यासमवेत आतड्याच्या भिंतीपर्यंत वाहून नेले जाते. शिवाय स्निग्ध जेवणाने जठर सावकाश रिकामे होते. त्यामुळे औषधास विरघळण्यास अधिक अवधी मिळतो.

कोणते औषध तुपाबरोबर, कोणते दुधाबरोबर, कोणते मधाबरोबर, हे सांगणारा 'अनुपान' हा शब्द आयुर्वेदाने भारतीय भाषांना पूर्वीच दिलेला आहे. आधुनिक औषधशास्त्राने हीच बाब रक्तातील औषधाचे प्रमाण मोजून तपासली. त्यातून असे दिसून आले की, प्रत्येक औषधाचे अनुपान निराळे आहे.

ग्रिसिओफल्विनचा धडा

या विषयातील पहिला धडा ग्रिसिओफल्विन या औषधाने शिकविला. लंडन येथे १९३९ मध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार्ट या संशोधकांनी पेनिसिलियम वर्गातील एका बुरशीपासून हा पदार्थ वेगळा केला. पुढे १९५८ मध्ये ग्लासगो येथील जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना तो तोंडावाटे देऊन रोग बरा करून दाखविला. तोवर गजकर्णावर बाहेरून लेप लावण्याचेच उपचार मुख्यतः प्रचलित होते. पोटातून घेतलेले औषध त्वचेतील बुरशीस आवर घालू शकते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

परंतु लवकरच एक अडचण लक्षात आली. ग्रिसिओफल्विन एक लिटर पाण्यात जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. उलट औषधाची रोजची मात्रा शेकडो मिलिग्रॅमची असते. साहजिकच एकाच मात्रेचा सुमारे पाव हिस्सा एखाद्याच्या रक्तात जाई, तर दुसऱ्याच्या रक्तात दोनतृतीयांशाहूनही अधिक. १९६१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट क्राउन्स यांनी भरपूर स्निग्धांश असलेल्या जेवणासोबत हे औषध देऊन पाहिले. तेव्हा रक्तातील त्याचे प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळले. तेव्हापासून 'स्निग्ध आहारासोबत अगर त्यानंतर लगेच घ्यावे' ही सूचना या औषधास कायमची जोडली गेली.

पुढचा प्रश्न असा होता की, रुग्णाच्या ताटातील तुपावर विसंबून न राहता स्निग्ध पदार्थ औषधातच घातला तर? १९७५ मध्ये बेट्स आणि सेक्वेरा यांनी मानवी स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. त्यांनी ग्रिसिओफल्विनची बारीक पूड तीन रूपांत दिली. बाजारात मिळणारी गोळी हे एक रूप, पाण्यातील निलंबन हे दुसरे आणि मक्याच्या तेलाचे पाण्यातील पायस, म्हणजे दुधासारखे एकजीव केलेले मिश्रण, हे तिसरे. तेलाच्या पायसातून औषधाचे शोषण इतर दोहोंच्या सुमारे दुप्पट झाले. औषध तेच, मात्रा तीच; फरक पडला तो केवळ वाहनाचा.

औषधनिर्मात्यांनी याच काळात दुसरीही वाट चोखाळली. ग्रिसिओफल्विनचे कण अधिकाधिक बारीक करण्यात आले. अतिसूक्ष्म कणांचे ग्रिसिओफल्विन साध्या सूक्ष्म कणांच्या औषधापेक्षा सुमारे दीडपट शोषले जाते आणि म्हणून त्याची मात्राही कमी असते. यास्तव एका प्रकारची गोळी बंद करून दुसऱ्या प्रकारची गोळी त्याच मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुरू करणे चुकीचे ठरते. तेलाधारित वाहनाचे तत्त्व बुरशीवरील औषधांपुरते मर्यादित राहिले नाही. अवयवरोपणाच्या रुग्णांना दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध प्रथम वनस्पती तेलात मिसळून बाजारात आले. पुढे त्याचे अतिसूक्ष्म पायस होणारे रूप प्रचारात आले, तेव्हा त्याचे शोषण अधिक खात्रीचे झाले.

सर्वांना एकच नियम नाही

येथवरचे ऐकून कोणी असा ग्रह करून घेईल की, बुरशीवरील प्रत्येक औषध तुपाबरोबर घ्यावे. तसे मात्र नाही.

फ्लुकोनाझोल हे औषध पाण्यात पुरेसे विरघळते. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शोषला जातो आणि जेवणाने त्यात फरक पडत नाही. टर्बिनाफिनच्या शोषणावरही अन्नाचा परिणाम अल्प असतो. याउलट इट्राकोनाझोल हे औषध अत्यंत हट्टी आहे. ते स्निग्ध पदार्थांत मिसळणारे असूनही त्याच्या कॅप्सूलला प्रथम गरज भासते ती जठरातील आम्लाची. साखरेच्या बारीक दाण्यांवर औषधाचा थर देऊन ही कॅप्सूल तयार करतात. पूर्ण जेवणानंतर लगेच घेतली असता जठरातील आम्लात तो थर उत्तम विरघळतो. रिकाम्या पोटी घेतल्यास शोषण घटते. पित्त वाढले म्हणून पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी घेत राहिल्यास ते आणखी घटते. एक औषध दुसऱ्या औषधाच्या वाटेत आडवे येते ते असे.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. इट्राकोनाझोलचे द्रवरूपही निघालेले आहे. त्यात औषध आधीच विरघळविलेले असते. म्हणून ते जेवणाबरोबर न घेता रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते. तसेच आम्लावर कमी अवलंबून राहणारी नव्या धर्तीची इट्राकोनाझोल कॅप्सूलही उपलब्ध झाली आहे. तिची मात्रा जुन्या कॅप्सूलपेक्षा कमी असते. नाव एक, रूपे तीन आणि घेण्याच्या रीतीही तीन. निरनिराळ्या उत्पादकांच्या साध्या कॅप्सूलमधील दाण्यांची संख्या व आकार यांत लक्षणीय तफावत असल्याचे निरीक्षणही भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आहे. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेले रूप सोडून 'हेही तेच आहे' असे म्हणून दुसरे घेणे धोक्याचे होय.

ही सर्व काळजी पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीची का झाली, हेही समजून घेतले पाहिजे. गेल्या दशकात भारतात गजकर्णाचे स्वरूप पालटले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' या नावाने जिचे वर्णन केले, ती बुरशी आता भारतात आणि भारताबाहेरही आढळते. तिचे अनेक वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. अशा रुग्णांचा भार मुख्यतः इट्राकोनाझोलवर येऊन पडतो. हाती उरलेले औषधच चुकीच्या रीतीने घेऊन वाया घालविणे परवडणारे नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःच्या मनाने लावण्याच्या सवयीने या दुखण्यात भर घातली आहे. अशा मलमाने खाज तात्पुरती थांबते. परंतु बुरशी आतल्या आत पसरत राहते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त मलमांवर चिठ्ठीचे बंधन अधिक कडक केले, ते याच कारणास्तव.

जी औषधे पोटातून लागूच पडत नाहीत

बुरशीवरील काही औषधे अशी आहेत की, साध्या तेलातुपाच्या साहाय्यानेही त्यांचे शोषण उपयोगी पडेल इतके होत नाही. अँफोटेरिसिन-बी हे त्यांचे ठळक उदाहरण. ते शिरेतूनच द्यावे लागते. महाराष्ट्रातील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने याच कुळातील एक औषध शोधून काढले होते. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कारखान्याच्या नावावरून त्यास 'हॅमायसीन' असे नाव मिळाले, तर ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले त्याच्या नावात पिंपरी गाव कायमचे गोवले गेले. पाण्यात न विरघळण्याची अडचण हॅमायसीनलाही होतीच. त्याचा उपयोग प्रामुख्याने बुरशी असलेल्या जागी प्रत्यक्ष लावण्यासाठी झाला. प्रयोगशाळेत बुरशी मारणारे औषध सापडणे हे अर्धे काम होय. ते रोगाच्या जागी पुरेशा प्रमाणात पोहोचविणे हे उरलेले अर्धे काम असते, आणि अनेकदा तेच अधिक कठीण ठरते.

२०२१ चा अनुभव

या उरलेल्या अर्ध्या कामाचे मोल इंदूर शहराने २०२१ च्या उन्हाळ्यात अनुभवले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'काळ्या बुरशीचा' रोग, देशभर पसरला. २० मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरविण्यास राज्यांना सांगितले. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावे लागले. अँफोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची जी धावपळ झाली, ती अनेक कुटुंबे विसरलेली नाहीत. मेदाच्या सूक्ष्म कुपीत बंदिस्त केलेले त्याचे रूप मूत्रपिंडास कमी अपायकारक असल्याने त्यास विशेष मागणी होती.

इंजेक्शनांचा टप्पा संपल्यावर पुष्कळ रुग्णांना घरी घेण्यासाठी पोसाकोनाझोल हे औषध देण्यात आले. आहार आणि औषध यांचा संबंध येथे सर्वांत अधिक ठळकपणे दिसतो. पोसाकोनाझोलचे द्रवरूप निलंबन उपाशीपोटी घेतल्यास जेवढे शोषले जाते, त्याच्या सुमारे अडीच ते तीन पट स्निग्धांशविरहित जेवणासोबत शोषले जाते. भरपूर स्निग्धांश असलेल्या, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम मेद असलेल्या जेवणासोबत ते सुमारे चार पट शोषले जाते. आता ज्या रुग्णाच्या वरच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यास घास चावता येत नाही, ज्यास जुलाब होत आहेत, अशा रुग्णाची कल्पना करावी. त्याने औषध वेळच्या वेळी घेतले तरी रक्तात ते पुरेसे उतरेलच असे नाही. अशा वेळी पोषक द्रवाहार देणे, अन्नावर फारशी अवलंबून नसलेली गोळी निवडणे अथवा रक्तातील औषधाचे प्रमाण तपासणे हे निर्णय डॉक्टरांना घ्यावे लागतात. ते निर्णय योग्य व्हावेत म्हणून रुग्ण प्रत्यक्षात काय आणि किती खातो, हे नातेवाइकांनी त्यांना सांगणे आवश्यक असते. त्या रोगात ही माहिती जीवन-मरणाची होती.

विद्यार्थ्यांनी काय करावे

भंवरकुआं परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा रोग सुदैवाने इतका भयंकर नसतो. परंतु औषध वाया जाण्याच्या वाटा त्याच्या दिनक्रमात पुष्कळ असतात. सकाळी चहाबरोबर कॅप्सूल गिळून वर्गाला धावणे, दुपारी कचोरीवर वेळ मारून नेणे, जागरणाने पित्त वाढले म्हणून आम्लविरोधी गोळी घेणे आणि श्रावणात वा नवरात्रात उपवास करणे, या सर्वांचा औषधाच्या शोषणाशी संबंध येतो. तो ध्यानी घेऊन पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. औषध लिहून देताना डॉक्टरांना विचारावे: हे जेवणाबरोबर घ्यावयाचे की रिकाम्या पोटी? जेवणात स्निग्धांश असावा काय? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. औषधविक्रेत्यानेही औषध देताना ही सूचना तोंडी सांगावी.

२. औषध जेवणासोबत घ्यावयाचे असेल, तर दिवसातील सर्वांत भरभक्कम जेवणाची वेळ त्यासाठी ठरवावी. ग्रिसिओफल्विनसाठी डब्यातील वरण-भातावर तूप अथवा मलईयुक्त दुधाचा पेला उपयोगी पडतो. सहा टक्के स्निग्धांशाच्या पाव लिटर दुधात सुमारे १५ ग्रॅम मेद असतो.

३. म्हणून तेलाची वाटी तोंडास लावण्याचे कारण नाही. ज्यांना हृदयविकार, पित्ताशयाचे खडे, यकृताचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. अंगाला तेल चोळल्याने पोटातील औषधाचे शोषण वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे.

४. आम्लविरोधी गोळ्या, मधुमेहाची, हृदयाची वा अन्य कोणतीही औषधे चालू असल्यास ती न लपविता सांगावीत. इट्राकोनाझोलचा अनेक औषधांशी विरोध असतो आणि हृदयाचे कार्य दुबळे झालेल्या रुग्णास ते सहसा देत नाहीत. गर्भवतीस ग्रिसिओफल्विन वर्ज्य आहे.

५. उपवास करावयाचा असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. मनानेच औषध बंद ठेवू नये आणि मनानेच दुप्पट मात्राही घेऊ नये. रीत चुकल्याने गुण आला नसेल, तर रीत सुधारणे हा त्यावरील उपाय आहे.

६. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे. डोक्याच्या त्वचेवरील गजकर्णास ग्रिसिओफल्विन साधारणपणे सहा ते आठ आठवडे द्यावे लागते. इतर ठिकाणीही मुदत डॉक्टर ठरवितात व ती पुरी करावयाची असते. टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवणे, ती उन्हात वाळविणे आणि त्याच खोलीत राहणाऱ्या बाधित सोबत्यांनी एकाच वेळी उपचार घेणे हेही तितकेच आवश्यक आहे.

विद्यार्थ्यांच्या पालकांनाही एक विनंती आहे. घरून येणाऱ्या मासिक रकमेत औषधाचा खर्च बसवण्यासाठी मुले जेवण आखडते घेतात आणि ही गोष्ट घरी कळवीत नाहीत. बुरशीवरील औषधांच्या बाबतीत ही काटकसर उलट महाग पडते. पोटभर जेवणाविना घेतलेली महागडी कॅप्सूल बरीचशी वाया जाते, उपचार लांबतो आणि खर्च वाढतो. मुलगा किंवा मुलगी दूरध्वनीवर 'औषध चालू आहे' असे म्हणेल, तेव्हा 'जेवण वेळेवर चालू आहे काय' हा प्रश्न त्यास जोडून विचारावा.

खानावळी आणि डबे चालविणाऱ्या भगिनींचाही यात वाटा आहे. औषध घेणाऱ्या विद्यार्थ्याने सांगितल्यास त्याचा डबा ठरल्या वेळी पोहोचविणे आणि त्यात चमचाभर तूप घालणे ही सोय त्यांना सहज करता येईल. डॉक्टरांनी लिहिलेले औषध त्या मुलाच्या अंगी लागण्यास तेवढीही मदत उपयोगी पडेल.